राकसकोप ते बैतखोल: गाळाच्या मागावर

शुक्रवार, राकसकोप

खानापूर तालुक्यात मामांची वीटभट्टी आहे. सुगी आटोपली की मातीच्या शोधात ते गावोगाव फिरतात, आणि दरवर्षी ती आणखी जरा लांब मिळते. कारवारला एका ठेकेदाराकडे कामाला असलेल्या माझ्या मावसभावाने त्यांना फोनवर सांगितलं, की बंदरातला गाळ उपसतात आणि पुन्हा समुद्रातच नेऊन टाकतात, मागितला तर कुणी नाही म्हणणार नाही. मामांनी लगेच मला विचारलं, "तू रसायनशास्त्र शिकवतीस की गं, सांग बघू, त्याची वीट होईल काय?" फोनवर उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. कॉलेजच्या सुट्ट्या जोडून आल्या होत्या. मी काचेच्या रिकाम्या बरण्या, पीएच कागद, सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली, हायड्रोजन पेरॉक्साइड, डिस्टिल्ड वॉटर आणि छोटा वजनकाटा पिशवीत भरला. मामांनी जीप काढली.

कारवारच्या आधी आपल्या घरचा गाळ बघू, असा माझा हट्ट होता. म्हणून पहिला मुक्काम राकसकोप. बेळगुंदी, सोनोली मागे टाकून मार्कंडेयच्या काठाने गेलं की बेळगाव शहराला पाणी पाजणारा हा जलाशय दिसतो. २,४७५ फुटांना तो भरतो तेव्हा शहरात आनंदाची बातमी होते. फेब्रुवारीत मात्र पाणी खाली उतरलेलं असतं आणि कडेचा भेगाळलेला गाळ उघडा पडतो. पलीकडे तुडये, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. डोंगरावरून वाहून येणाऱ्या मातीला सीमा ठाऊक नाही.

कोरड्या कडेवरून गाळ घेतला. एक तृतीयांश बरणी गाळ, वर पाणी, आणि जोरात हलवलं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते. तिच्यावर पोयटा बसायला काही तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत राहते. ०.०६३ मिलिमीटरपेक्षा मोठा कण ती वाळू, ०.००२ पेक्षा बारीक ती चिकणमाती, आणि मधला सगळा पोयटा. राकसकोपच्या बरणीत वाळू बेताची, पोयटा भरपूर. निवळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी जवळपास नितळच राहिलं, पांढरा साका आला नाही, म्हणजे मीठ नाही. कागदाने पीएच सहाच्या आसपास दाखवला.

काठावर गुरं घेऊन आलेले एक काका बरण्यांकडे बघत उभे राहिले. त्यांनी पूर्वी तळ्यातला गाळ माळावरच्या शेतात टाकला होता. "पहिल्या वर्षी ढेकळं लई झाली. दुसऱ्या वर्षाला जमीन मऊ झाली बघा." महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे, काकांच्या पाहुण्यांनी पलीकडे त्यातून गाळ नेला होता. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात कुणीही उठून खोदू नये, हे खरं. पण उन्हाळ्यात उघडी पडलेली कोरडी कड परवानगीने, हिशेबाने खरवडली तर जलाशयात पाण्याला जागा होते आणि शेताला माती मिळते. एवढा सरळ व्यवहार दुसरा सापडणं कठीण.

शनिवार, खानापूर

आजचा दिवस भट्टीवर. खानापूरची माती नामांकित आहे. इथली कौलं, इथली मडकी, इथल्या विटा लांबवर जातात. खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था याच गावात आहे, ती उगाच नव्हे. मलप्रभेच्या काठची ही माती वर्षानुवर्षं पुराने आणून टाकलेला गाळच आहे. आपण फक्त तिला गाळ म्हणत नाही.

मामांकडे सध्या येते ती भाताच्या शेतातली माती. शेतकरी वरचा फूटभर थर विकतो. कुणाला उंच जमीन सपाट करून पाणी चढवायचं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न असतं. मी पाटीवर हिशेब मांडला. एक एकर, एक फूट खोल म्हणजे ४३,५६० घनफूट माती. नऊ बाय चार बाय तीन इंचांची वीट धरली तर एका घनफुटात सोळा विटा. घट-तूट सोडूनही एका एकरातून पाच लाखांवर विटा निघतात. मामा हिशेब बघत राहिले. पाच लाख विटा हा आकडा त्यांना नवा नव्हता. पण तो एकर पुन्हा बासमती पिकवण्याजोगा कधी होईल, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वरच्या थरात सेंद्रिय कर्ब असतो, जिवाणू असतात, पिढ्यांचं शेणखत असतं. भट्टीत नऊशे-हजार अंशांवर त्यातलं काही उरत नाही. वीट करायला त्या कशाचीच गरज नसते. विटेला लागते ती चिकणमाती, पोयटा आणि थोडी रेव. म्हणजे शेताचा जीव आपण अशा कामासाठी जाळतो, ज्या कामाला जीव नसलेली मातीही चालली असती. माझ्या लेखी या सगळ्या प्रवासाचं कारण हेच आहे.

दुपारी गावातल्या एका कुंभारीण मावशींकडे गेलो. त्यांनी राकसकोपचा गाळ चिमटीत घेतला, पाण्याचा हात लावून तळव्यावर शिसपेन्सिलीएवढी वळी केली आणि बोटाभोवती वळवली. वळीला बारीक तडे गेले. "रेवट हाय. एकटी उभी राहायची न्हाई. माझ्या काळ्या मातीत मिसळली तर चालंल. पण चाळून घ्या, न्हाईतर आव्यात तडकतंय." प्रयोगशाळेत आम्ही याच परीक्षेला मोठं नाव देऊन काटे आणि आकडे वापरतो. मावशींचं निदान त्याहून वेगळं येणार नाही याची मला खात्री आहे, कारण बरणीतला पोयट्याचा जाड थर तेच सांगत होता.

मग मी विचारलं, "मावशी, समुद्राकडची माती आणली तर?"

"खारी माती? ती भाजली तरी फुलतीय. मडक्यावर पांढरं येतंय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. विटेवर लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, चढलेला त्यांनीही पाहिलेला आहे.

रविवार, जोयडा मार्गे कारवार

दिवस सगळा रस्त्यात गेला. लोंढा, रामनगर, जोयडा, कुंभारवाडा, मग अणशीचा घाट उतरून कद्रा आणि काळीच्या काठाने कारवार. जंगल दाट, वळणं अवघड, समोरून ट्रक आला की थांबायचं. मामा प्रत्येक चढाला मनातल्या मनात डिझेल मोजत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

वाटेत काळी नदीचा विचार डोक्यातून जात नव्हता. १९८७ पासून सुप्याचं १०१ मीटर उंचीचं धरण तिच्यावर उभं आहे, खाली कोडसळ्ळी, कद्रा अशी आणखी धरणं. धरणाच्या शांत पाण्यात वाळू, गोटे आधी बसतात. बारीक कण पाण्याबरोबर पुढे जातात. म्हणजे किनाऱ्याला हवी ती वाळू डोंगरात अडते आणि बंदराला नको तो बारीक चिखल खाली येतो. त्यात समुद्राच्या भरतीने ढवळून आणलेला चिखल मिसळतो. बंदरात पाणी संथ असतं, तिथे तो बसतो. दरवर्षी उपसायचा, दरवर्षी साचायचा.

सोमवार, बैतखोल

मावसभाऊ पहाटेच घ्यायला आला. बैतखोल या कारवारच्या मासेमारी बंदराच्या धक्क्यावर लिलाव चालू होता, बांगड्याच्या टोपल्या, बर्फ, आरडाओरडा. पलीकडे बंदराचा धक्का. या किनाऱ्यावर इंग्रजांनी सतराव्या शतकातच वखार घातली होती. डोंगराच्या कुशीतलं, वाऱ्यापासून राखलेलं बंदर म्हणून त्याची ख्याती.

एका होडीवरच्या तांडेलांनी आम्हाला वर घेतलं. गाळाचं त्यांचं गणित साधं आहे. "ओहोटीला होडी टेकते. पंखा चिखल ढवळतो. भरतीची वाट बघत बसायचं, तोवर मासळीचा भाव उतरतो." त्यांना उपसा हवा आहे. पण उपसलेला गाळ जवळच्या पाण्यात सोडला तर पाणी गढूळ होऊन मासळी हटते, हेही त्यांनीच सांगितलं. २०२० च्या जानेवारीत बंदराच्या विस्ताराला इथल्या मच्छीमारांनी मोठा विरोध केला होता. समुद्रात काय टाकायचं आणि काय नाही, हे ठरवताना या लोकांना बाजूला ठेवून चालणार नाही, असं मला तिथे उभं राहून तीव्रतेने वाटलं.

होडीच्या कडेने बादली सोडून गाळ काढला. काळाभोर, लोण्यासारखा मऊ, आणि नाक झोंबणारा सडक्या अंड्यांचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. तळाशी प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड तयार करतात. ते लोहाशी जुळलं की चिखल काळा होतो.

भावाच्या घरच्या अंगणात पाट मांडून मी परीक्षा सुरू केल्या. आधी वजन. शंभर ग्रॅम ओला गाळ तव्यावर पूर्ण वाळवला, उरला चाळीस ग्रॅमच्या आत. मामा म्हणाले, "म्हणजे दहा टनाच्या टिपरमध्ये सहा टन पाणीच वाहायचं?" होय, आणि तेही अणशीचा घाट चढून शंभरावर किलोमीटर. इथेच त्यांच्या मनातला निम्मा बेत गळाला.

मग मीठ. गाळाच्या पाण्यात सल्फाइड असलं की सिल्व्हर नायट्रेट काळं पडतं आणि काहीच कळत नाही, म्हणून गाळून घेतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून ते उघड्यावर उकळलं, गार केलं. मग सिल्व्हर नायट्रेट. पहिल्याच थेंबाला नळीत पांढरा साका दाटला. ही क्लोराइडं विटेत राहिली तर लोणा धरतो, काँक्रीटमध्ये गेली तर आतली सळई गंजते.

तिसरी परीक्षा पेरॉक्साइडची, आणि तिच्यासाठी मी हातमोजे, चष्मा आणला होता. गाळाचा पीएच सुरुवातीला साडेसातच्या जवळ. पेरॉक्साइड घातल्यावर तो फसफसला, गरम झाला, आणि शांत झाल्यावर कागद चारच्या खाली गेला. पाण्याखाली निमूट असलेलं सल्फाइड हवा लागली की गंधकाम्ल बनवतं. काही महिन्यांत वाऱ्यावर जे होईल ते पेरॉक्साइडने काही मिनिटांत दाखवलं. गाळातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने थोडं आम्ल मारलं म्हणून बरं, नाहीतर पीएच आणखी घसरला असता. असा गाळ थेट शेतात पसरला तर मीठ आणि आम्ल दोन्हींनी पीक जळेल.

माझ्या बरण्यांना दिसत नाही असंही बरंच काही असतं. जहाजांच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून पूर्वी ट्रायब्यूटिल टिन असलेला रंग लावत; शंखवर्गीय जीवांवर त्याचे भयंकर परिणाम दिसले आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. जुन्या थरांत ते टिकून राहतं. तांबं, जस्त, शिसं, इंधनाचे अवशेष हे सगळं बारीक कणांनाच चिकटतं, कारण बारीक कणांना पृष्ठभाग जास्त. कारवारमधून वर्षानुवर्षं लोहखनिज गेलं, २०१० मध्ये राज्याने निर्यातीवर बंदी घालेपर्यंत. म्हणून बंदराचा गाळ चांगला की वाईट, असं एका वाक्यात कुणी सांगू नये. थर कुठला, खोली किती, शेजारी काय चढत-उतरत होतं, हे विचारून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच बोलावं.

जेवताना मामांनी विचारलं, "मग जगात कोण करतं काय याचं?" करतात. हांबुर्गमध्ये १९९३ पासून 'मेथा' नावाचा कारखाना बंदराच्या गाळातून वाळू वेगळी काढतो. विषारी द्रव्यं बारीक भागात राहतात, वाळू बांधकामाला जाते, बारीक भाग दाबून, पाणी काढून वेगळा सांभाळतात. तिथे गाळाच्या विटाही पाडून बघितल्या आहेत. अँटवर्पला २०११ पासून मोठमोठ्या दाबयंत्रांनी गाळातलं पाणी पिळून काढतात. मामांचे डोळे चमकले, "बघ, विटा होतात!" पण हांबुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, एल्ब नदीवर आहे. तिथला गाळ गोड्या पाण्यातला. बैतखोलचा खारा. दुसऱ्या देशाचा दाखला देताना हा फरक गाळून टाकला तर आपण स्वतःलाच फसवू.

मला स्वतःला जास्त जवळचा वाटतो तो नेदरलँड्समधल्या डेल्फझाइलचा प्रयोग. २०१८ मध्ये त्यांनी बंदराचा खारा चिखल बांध घातलेल्या वाफ्यांत पसरला. पावसाने मीठ धुतलं, उन्हा-वाऱ्याने पाणी गेलं, यंत्राने उलथापालथ केली, आणि तयार झालेली चिकणमाती समुद्राचे बांध बांधायला वापरायची असं ठरवलं. त्यांच्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कारवारला तीन हजारांच्या आसपास! जून ते सप्टेंबर धुवायचं, ऑक्टोबर ते मे वाळवायचं, असा निसर्गाने आखून दिलेला कारखाना आपल्या दारात आहे. चुना मिसळून आम्ल आवरावं लागेल, धुवून निघणारं पाणी खाडीत सोडण्याआधी तपासावं लागेल, जागा लागेल. हे सगळं करता येण्याजोगं आहे.

मंगळवार, खाडीकाठ

ही माती वापरायची कुठे, याचं उत्तर सदाशिवगडाच्या पुलाकडून आत, काळीच्या खाडीकाठी मिळालं. खारं पाणी अडवणारे मातीचे बांध, आत भाताची खाचरं, भरती-ओहोटीला उघडणारी लाकडी दारं. गोव्यात यांना खाजणं म्हणतात, इकडे कन्नडमध्ये गजनी. दक्षिणेला कुमट्याकडे अघनाशिनीच्या काठी अशाच जमिनीत कग्गा नावाचं खारं पाणी सोसणारं भात पिकतं. हे बांध शेकडो वर्षं खाडीच्याच चिखलाने बांधले गेले. चिखल काढायचा, थर द्यायचा, वाळवायचा, पुन्हा थर. खारट चिकणमातीचा उपयोग आपल्या पूर्वजांना पुरता ठाऊक होता. मीठ तिथे अडचण नव्हतं, कारण बांध समुद्रालाच तोंड देणार होता.

बांधावर भेटलेल्या वहिनी म्हणाल्या, "बांध फुटला की आता माणसं मिळत नाहीत. माती कुठून आणायची हाही प्रश्न. डोंगर खोदून लाल माती आणतो, ती पहिल्या पावसात जाते." मी मामांकडे बघितलं. त्यांनी बांधाची माती उचलून कुंभारीण मावशींसारखीच वळी केली. ती बोटाभोवती न तुटता वळली.

बंदराचा गाळ तपासून, स्वच्छ निघालेला भाग पावसात धुवून, उन्हात वाळवून, पाच-दहा किलोमीटरवरच्या या बांधांना दिला तर टिपरचा घाट वाचतो, डोंगराची लाल माती वाचते, समुद्रात टाकणं कमी होतं. दूषित निघालेला भाग मात्र इथे आणता कामा नये. तो अस्तर घातलेल्या बंदिस्त जागेत किंवा सिमेंटने बांधून रस्त्याच्या भरावाखाली. कोचीचं विलिंग्डन बेट १९२०–३० च्या दशकांत रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना निघालेल्या गाळानेच उभं राहिलं. देशाला हे नवं नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या बंदरांनी पर्यावरण कसं राखावं याची 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं काढली. कारवार मोठ्या बंदरांच्या यादीत नाही, राज्याच्या अखत्यारीत येतं; म्हणून तर बंगळूरला हे कुणीतरी मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये, जमेल त्या भाषेत सांगत राहिलं पाहिजे.

संध्याकाळी भावाला मी कागदावर लिहून दिलं: उपसा सुरू होण्याआधी वेगवेगळ्या खोलीचे नमुने, कणांची वर्गवारी, क्लोराइड, सल्फाइड, जड धातू, ट्रायब्यूटिल टिन, तेलाचे अंश. त्याचं म्हणणं, ठेकेदार विचारेल याचे पैसे कोण देणार. प्रश्न रास्त आहे. समुद्रात टाकायलाही पैसे लागतातच, आणि त्यातून हाती काही उरत नाही, असं उत्तर दे, म्हणाले मामा. हे त्यांनी माझ्याआधी म्हटलं, याचं मला फार बरं वाटलं.

बुधवार, परत खानापूर

घाट चढताना मामा बराच वेळ गप्प होते. रामनगरला चहा घेताना म्हणाले, "कारवारचा गाळ कारवारला. मग माझ्या भट्टीला काय?"

भट्टीला गावतळ्याचा गाळ. गोड्या पाण्यातला, आठ-दहा किलोमीटरच्या आतला, पावसाळ्यानंतर वाळून तयार असलेला. पहिल्या वर्षी शेतमातीत शंभराला वीस या प्रमाणात, मग तीस, मग चाळीस. प्रत्येक मिश्रणाच्या विटा वेगळ्या रचायच्या, भाजल्यावर पाण्यात बुडवून किती पाणी पितात ते बघायचं, दाब-चाचणीला अभियांत्रिकी कॉलेजात पाठवायच्या. वाळू जास्त निघाली तर मावशींना विचारून काळी माती वाढवायची. तळं खोल होईल, उन्हाळ्यात गुरांना पाणी टिकेल, आणि शेताचा थर शेतात राहील. गाळाचा वरचा सुपीक भाग मात्र भट्टीत घालायचा नाही, तो माळाच्या शेतांना द्यायचा, ही अट मी घातली. मामांनी ती मान्य केली.

तळं पंचायतीचं आहे, ठराव लागेल. अर्ज मी रात्रीच लिहिला, मराठीत आणि कन्नडमध्ये. सही करताना मामांनी तळ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजायला उद्या सकाळी कुणाला पाठवायचं ते ठरवलं, आणि पाटीवरचा जुना हिशेब पुसून एक फूट गाळाला किती ट्रॉल्या लागतील ते मांडायला घेतलं.